फटफटीच्या टाकीत सरकी

बोरी अरबपासून दोन कोस आत,
मंगळवार, सकाळचा चहा झाल्यावर

माझा धाकटा भाऊ, एसटीच्या वर्कशॉपातून मानानं रिटायर झालेला डोमाजी, यास थोरली बहीण पंचफुला हिचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून तेच लिहायला सांगते. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? बायको अजून गव्हाची पोळी देते, की डॉक्टरचं ऐकून तिनं तुला भाकरीवर आणलं? आमची दीपा तुझ्याकडे राहून कॉलेज शिकते, ती तुम्हाला झोपू देते ना? (नात आजीवर गेली असेल तर पहाटेपासून भांडी वाजवत असेल. त्याला मी जबाबदार नाही.) फोनच केला असता, पण फोनच्या दुकानात आपण एक गोष्ट बोलतो आणि घरी पोचेपर्यंत गावात तिच्या तीन झालेल्या असतात. म्हणून पत्र. मी बोलते, सून लिहिते. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते, म्हणते पत्रात तसंच असतं. मला अक्षर येत नाही, तेव्हा तिनं मध्ये आपलं काही घुसडलं तर तूच ओळखून घे. (मी काही घुसडत नाही, मामाजी. — रुपाली)

तुझं कार्ड तीन आठवड्यांमागं मिळालं. येत्या रविवारी तू तुझी फटफटी न्यायला येणार, आणि चालण्याजोगी नसली तर भंगारवाल्याला देणार, असं रुपालीनं वाचून दाखवलं. डोमाजी, ती फटफटी तू माझ्या गोठ्यात पंधरा दिवसांसाठी ठेवली होतीस. त्या पंधरा दिवसांना आठ वर्षं झाली. टाकीचं झाकण तू कुठं हरवलं होतंस ते तुलाच ठाऊक, तोंडावर औषधाच्या बाटलीचं बूच आणि चिंधी होती. आठ पावसाळे त्या चिंधीतून आत गेले. कार्ड आलं त्या दिवशी मी टाकीत बोट घातलं तर पानाचा कात लावल्यासारखं बाहेर आलं. पण तुझ्या त्या गंजावर मी तुला रागावत नाही, उलट उपकार मानते. का ते सांगते, जरा दम धर. मला मात्र धरवत नाही.

माझा धम्मरत्न ज्या जिनिंगमध्ये फिटर होता तिला मागच्या होळीला कुलूप लागलं हे तुला माहीत आहे. कापसाचं काय चाललंय ते तू पेपरात वाचतोस, मी काय सांगू. सगळे म्हणाले, दसऱ्याला उघडेल. दसरा गेला. मग म्हणाले, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर मालकानं गेटवरची पाटीसुद्धा उतरवून नेली. त्या दिवसापासून माझा लेक कडुनिंबाखालच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला आहे. जेवायला हाक मारली की जेवतो, नाही मारली की नाही. रुपालीशी बोलत नाही, माझ्याशी बोलत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रागावत नाही. माझ्या पोटचा आणि रागावत नाही! तुझं कार्ड यायच्या आधी एकदा मी त्याच्या भाजीत मुद्दाम मीठ टाकलं नाही, तर मुकाट्यानं खाऊन उठला. आसपासच्या गावांतून काय काय ऐकू येतं ते मी रुपालीला लिहू देत नाही. पण पाय एका जागी ठरत नाही बघ. दिवसातून पन्नासदा त्याच्या खाटेवरून जाते, कधी झाडू घेऊन, कधी रिकामी बादली घेऊन. बादली घेऊन कुठं चालले हे मलाच ठाऊक नसतं. (खरं आहे. एकदा बादली घेऊन शेजारच्यांच्या घरात शिरल्या. — रुपाली) बघ, घुसडलं की नाही?

तर अशा वेळी तुझं कार्ड आलं आणि मला अक्कल सुचली. डोमाजी, फिटर माणसाला उपाशी ठेवलं तर चालतं, पण त्याच्या डोळ्यांसमोर कोणी कामाचा सत्यानाश केला तर चालत नाही. मी ठरवलं, तुझी टाकी त्याच्या खाटेसमोर बसून दुरुस्त करायची, आणि होईल तितकी वाईट करायची. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा नेमसिंग मला याडी म्हणतो, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. त्याला हाताशी घेतलं आणि टाकी उतरवली. आपण पितळेची भांडी चिंचेनं घासतो, म्हणून मी आधी टाकीत घमेलंभर चिंचेचं पाणी ओतून दोन दिवस ठेवलं. खाटेवरून हूं नाही की चूं नाही. तिसऱ्या दिवशी मी नेमसिंगला म्हटलं, आता आत रस्त्यावरची गिट्टी टाकून हलवू. ओंजळभर गिट्टी टाकून आम्ही दोघं दोन्हीकडून टाकी हलवतोय, गिट्टी फुटून तिचा आतच चुरा होतोय, आणि भिंतीकडून आवाज आला, "गिट्टी नोको. नट टाका." चार शब्द! महिन्याभरात पहिले! मी इतकी हरखले की हातातली टाकी नेमसिंगच्या पायावर सोडली. तो काय ओरडला ते त्यांच्या बोलीत होतं, म्हणून लिहायला हरकत नाही, पण रुपाली लिहीत नाही.

खाटेखालच्या पेटीतून नट काढले. भिंतीनं सांगितलं, "मोजून टाका, मोजून काढा." मोजून चाळीस टाकले. हलवता हलवता माझे खांदे उतरले तेव्हा भिंत पुन्हा बोलली, हातानं काय होते, चाकाले बांधा. म्हणून नेमसिंगनं टाकी बारदान्यात गुंडाळून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांना आवळली आणि आम्ही बाजाराला बोरीला निघालो. चाळीस नट टाकीत फिरायला लागले की काय आवाज होतो हे तू वर्कशॉपात ऐकलं असशील, नेमसिंगच्या बैलांनी ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं मागं कोणी लागलं आहे. ते जितके पळत तितका मागचा वैरी मोठ्यानं वाजे, आणि तो वाजे तितके ते पळत. दोन कोस आम्ही सायकलवाल्यांना मागं टाकत गेलो. बाजारात लोकांनी आपोआप वाट दिली. मिरचीवाली धुरपताबाई विचारते, "काहून वो बाई, वरात कोनाची?" मी म्हटलं, "मह्या भावाच्या टाकीची!" परत येताना बैल दमले आणि शहाण्यासारखे चालले. घरी टाकी उलटी केली, पाणी विटकरीच्या रंगाचं निघालं, नट मोजले तर एकोणचाळीस. आणि धम्मरत्न उठला! त्या एका नटासाठी उठला. आईसाठी उठला नव्हता, ते असो. टाकी मांडीवर घेऊन तो दुपारभर कान लावून हलवत बसला आणि चाळिसावा नट निघाल्यावर पुन्हा जाऊन आडवा झाला.

आता डोमाजी, चूक झाली ती इथं, आणि ती माझी आहे हे मी कबूल करते. (लिही गं, खाऊ नको.) टाकी खायच्या सोड्यानं धुतली होती, आता ती आतून कोरडी व्हायला हवी होती. जिनिंगच्या फरशीवर तेल सांडलं की वर सरकी पसरायचे, ती तेल ओढून घ्यायची, हे मी डबा पोचवायला जायची तेव्हा पाहिलेलं. म्हशीच्या पोत्यातली दोन शेर सरकी मी टाकीत भरली, तोंडाला चिंधी लावली आणि टाकी चुलीमागं उबेला ठेवली. त्याला वाटेल तेव्हा तो विचारेल म्हणून वाट बघत राहिले. तो विचारेना. मी सांगेना. अशा हट्टात सहा दिवस गेले. सातव्या दिवशी रुपालीनं चुलीमागची राख काढताना किंचाळी मारली. चिंधी वर उचलली गेली होती आणि टाकीच्या तोंडातून हिरवी पोपटी दोन-दोन पानं बाहेर डोकावत होती. ओल होती, ऊब होती, सरकीनं तिचं काम केलं. औंदा अख्ख्या शिवारात इतकी दाट उगवण कोणाची झाली नसेल.

धम्मरत्न आला. बघितलं. आणि मग जे सुरू झालं! टाकी म्हणजे काय वावर हाय का, तुले कोनं सांगतलं होतं, चाळीस वर्सं चूल फुकली तं फिटर झाली का तू, इथून जो निघाला तो माझ्या माहेरापर्यंत, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचला. मी पदरात तोंड खुपसून उभी होते. त्याला वाटलं रडते, म्हणून आणखी चिडला. रुपाली दाराआड उभी राहून खरीखुरी रडत होती. मी हसत होते की रडत होते, ते पदराला विचारावं लागेल.

पूर्ण दोन दिवस तो तारेचा आकडा करून एकेक रोप उपटत बसला. ओलीनं टाकीला पुन्हा तांबूस गंज आला होता, म्हणून त्यानं स्वतः जाऊन किराणा दुकानातून निंबूसत, म्हणजे लिंबाचं आंबट सत, आणलं, ते गरम पाण्यात विरघळवून टाकीत भरलं, मग टाकी धुतली, उन्हात वाळवली. नेमसिंगकडून यवतमाळहून टाकीला आतून बसवायचं औषध मागवलं. दोन डब्यांतलं एकत्र करायचं, ओतायचं, सगळी भोकं चिकटपट्टीनं बुजवायची आणि ते घट्ट व्हायच्या आत टाकी सगळ्या अंगांनी हळूहळू फिरवत राहायची, म्हणजे आत सगळीकडे साय धरते आणि छिद्रं बंद होतात. अर्धा घंटा आम्ही पाळीपाळीनं टाकी मांडीवर घेतली. माझी पाळी आली तर म्हणतो, "माय, त्याले जोजवू नोको, फिरव!" मग चार दिवस पेट्रोल घालायचं नाही, हात लावायचा नाही. ते चार दिवस तो तासातासाला टाकीत डोकावत होता. मी किती दिवसांनी एका जागी बसून जेवले म्हणून सांगू.

काल चार दिवस भरले. टाकी फटफटीवर चढली. धम्मरत्ननं हात धुतले, पुसले, आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

बाकी सगळं क्षेम. दीपाला पोटभर जेवू घाल, वहिनीला जयभीम सांग.

तुझी बहीण
पंचफुला

ता. क. पत्र लिहिलं ते यासाठी. रविवारी येशील तेव्हा टाकीला नावं ठेव. खोटं बोलायला तुला शिकवायची गरज नाही. गळते म्हण, वास येतो म्हण, वर्कशॉपात असं काम कोणी केलं असतं तर आम्ही त्याला घरी बसवलं असतं म्हण. (घरी बसवलं असतं हे नको म्हणू.) त्याला चीड येईल असं बोल, पण मन मोडेल असं नको. नेमकं किती ते तुला कळणार नाही, म्हणून मी तुझ्या मागं उभी राहीन आणि जास्त झालं की खोकेन. आणि फटफटी नेऊ नकोस.

ता. क. दीपाला हे वाचून दाखवू नकोस. तिला सांग, बाबा फटफटी दुरुस्त करून राहिले.

मामा, जयभीम. मी धम्मरत्न. रुपालीनं पत्र पोस्टात टाकाले देलं, पाकीट उघडंच होतं, वाचलं. टाकी गळत नाही. माय काही सांगो. रविवारी या, काठोकाठ पेट्रोल भरा, खाली कोरडा पेपर अंथरा आन् दिवसभर पाहात बसा. एक थेंब दिसला तं मी फिटर नाही. चिंचेनं काही झालं नव्हतं, वरची माती तेवढी गेली. सरकी टाकली तवाही मी जागाच होतो. म्हटलं, माय कुठवर जाते पाहू. गळते तो टाकीखालचा पेट्रोलचा कॉक. त्याचं वायसर, ते रबराची चकती, काल दिवे लागाच्या टाइमाले मायनं काढून पदराच्या गाठीत बांधलं. मी भिंतीकडे तोंड करून होतो, पण भिंतीवर सावली पडते. आज सकाळपासून ती खाट आन् फटफटीच्या मधात फेऱ्या मारून राह्यली, मी कवा उठतो म्हणून. मी तिले काही इचारलं नाही. वायसर आणाले सायकलनं बोरीले चाललो, म्हणूनच हे पत्र माह्या हाती आलं. तिले काही कळवू नका. मी चार वायसर घेऊन ठेवतो.