जांभळ्या फांदीचा बुंधा

खासबाग, बेळगाव
९ जून २०२५

चि. भीमरत्न यास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

आठवतं का, निपाणीला आई तंबाखूच्या वखारीतून दिवस मावळता परतायची आणि आपण दोघं उंबऱ्यातच तिला बिलगायला धावायचो? ती हात वर धरून म्हणायची, "थांबा रं, हात धुतल्याबिगर शिवायचं न्हाय." मग आपण न्हाणीच्या दाराशी ताटकळायचो, तू अंगठा चोखत. आज तुझ्या पोवळ्यांच्या काचेच्या टाकीपुढे मी तशीच ताटकळत होते.

बंगळूरला उपचाराला जाताना माझ्यावर सोपवलेली टाकी ठीक आहे. तुझ्या वहीप्रमाणे पाण्याची उष्णता बघते, संध्याकाळी चुन्याची निवळी थेंबथेंब सोडते. ही पोवळी दगड नव्हेत, जीव आहेत, पाण्यातला चुना घेऊन आपली हाडं बांधतात, हे तू सांगितल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. लेकरं निदान रडतात. तुझी ती पोवळ्याची जांभळी फांदी काहीच सांगत नाही.

तुझ्या छातीच्या ऑपरेशनची तारीख ठरली का? फोनवर मला रडू फुटतं आणि तुझी धडधड वाढते, असं माझी भावजय सौम्या म्हणते. म्हणून पत्रच बरं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर अजून उपयोगी पडतं.

तुझी,
सुनयनाआक्का


बंगळूर
१३ जून

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. शि. सा. न. वि. वि.

चोवीस तारीख ठरली. उष्णता दिवसातून दोनदा बघ, बारा वेळा नको; टाकीला ताप आलेला नाही. डॉक्टरांना विचारायचं सोडून मी टाकीचंच विचारतो, म्हणून सौम्या चिडवते. अकरा वर्षं वाढवलीत गं, बोटाएवढी होती तेव्हापासून.

चुन्याची पावडर संपत आली असेल. वडगावच्या आण्णाप्पाकडे माग, त्याचीही अशीच टाकी आहे. कळव.

तुझा,
भीमरत्न


खासबाग
१७ जून

चि. भीमरत्न यास,
अ. उ. आ.

हे पत्र तीनदा फाडलं. तुझं पत्र येण्याआधीच पावडर संपली होती. आण्णाप्पा भातलावणीला जांबोटीला गेलेला, फोन लागेना. मी कोपऱ्यावरच्या नागोजीच्या टपरीवरून चुना आणला. आपण निपाणीची माणसं, चुन्याचं आपल्याला कोण शिकवणार, असं वाटलं. बाई, निस्ताच चुना व्हय, तंबाखू न्हाय का, असं त्याने विचारलं आणि मी हसलेही. तंबाखू मळत होता त्याच बोटाने त्याने चुना पुडीत काढला. मी ते पाहिलं, भीमा. पाहूनही मनात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जांभळ्या फांदीची कातडी बुडापासून सुटू लागली. खाली पांढरं हाड. आता निम्मी गेली आहे. काल आण्णाप्पा आला, पुडी हुंगली आणि खाली बसला. तंबाखूचा अंश पाण्यात उतरला असावा म्हणाला. अर्धं पाणी बदललं, विष शोषायला कोळशाची पिशवी सोडली. पांढरं अजून वर चढतंच आहे.

आई ज्या हातांनी आपल्याला शिवत नव्हती, तेच हात मी तुझ्या टाकीत घातले. आजारी माणसाला हे का कळवलं, म्हणून सौम्या रागावेल. पण तू विचारणार आणि मी ठीक आहे लिहिणार, ते जमेना.

तुझी,
आक्का


बंगळूर
२१ जून

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचल्यावर सौम्याने नाडी धरून पाहिली. ठीक होती. चूक माझीही आहे. वहीत 'चुना' लिहिलं, कुठला ते लिहिलं नाही.

आता वाट बघू नकोस. पांढरं पोचायच्या आत आण्णाप्पाकडून जिवंत शेंडे तोडून घे. नव्या दगडावर चिकटवले की प्रत्येकाची वेगळी फांदी होते. सगळं एकाच पाण्यात असू नये, एवढंच. चोवीस तारखेमुळे लिहितोय असं तुला वाटेल. तेही थोडं खरं आहे.

दोन शेंडे आण्णाप्पाला. एक खानापूरच्या तेजस्वीला, तिने यंदाच टाकी मांडली आहे. तिला म्हणावं, पहिले आठ दिवस दिवा मंद ठेव. वही सौम्याची, पण त्याआधी तुझ्या सुंदर अक्षरात त्यात नागोजीचा चुना लिहून ठेव. पोवळी धरायचा चिमटा तुला, तू आता शिकलीस.

राहिला बुंधा. त्यावर बोटभर जरी जांभळं उरलं असेल, तरी तो तोडायचा नाही आणि कुणाला द्यायचा नाही. तो माझा. मी येईन तेव्हा न्हाणीच्या दाराशी पाणी काढून ठेव. हात धुऊनच शिवेन.

माया आहेच, तिला धीराची जोड असू दे.

तुझा,
भीमरत्न