तालुक्यातल्या शाळांची शेड-तपासणी

१ जून, रविवार
आजपासून रोजनिशी. पोरीला, प्रियाला, नववीत घालायचंय. तालुक्यातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळा स्वतः फिरून पाहणार आणि एक नंबरची निवडणार. दहा दिवसांत निकाल. अख्खं आयुष्य इकडे गुजराती मुलखात, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड चेक करण्यात गेलं. जो माणूस ताग्यातला तिळाएवढा डाग शोधतो, त्याला शाळा काय जड?
बायकोचं, रंजनाचं म्हणणं, घरामांगनी शाया काय वाईट शे? तिला सांगितलं, घरामागची आहे हेच वाईट. प्रियालाही तीच हवी, कारण मैत्रिणी तिथेच जाताहेत. असे निर्णय मैत्रिणी बघून होत नसतात.

५ जून, गुरुवार
रजा टाकून पहिली शाळा गाठली. गेटला कुलूप. शाळा सोमवारी उघडणार म्हणे. हे घरात कोणी सांगू नये म्हणजे कमाल आहे. गेटचा रंग मात्र पक्का. ओला रुमाल घासून पाहिला.

९ जून, सोमवार
शाळा उघडल्या, पण मिलमधले भूपेंद्रभाई मास्टर रजा देईनात. तोवर पद्धत पक्की केली. रिझल्टबिझल्ट सगळेच सांगतात. मी गणवेश बघणार. सगळ्या पोरांचे कपडे एका शेडचे (रंगछटेचे), म्हणजे शाळेत शिस्त. कुणाचा फिका, कुणाचा गडद, म्हणजे मास्तरांचं लक्ष नाही. ही पद्धत आजवर कोणाला कशी सुचली नाही?
रंजनाने रागात सांगितलं, पोर घरमा बठेल शे, तारीख जाई राहिनी. म्हटलं, घाईत घेतलेला माल परत करता येत नाही. ती उठून कपाट आवरायला लागली. पटलं असावं.

१२ जून, गुरुवार
शेवटी शाळा क्रमांक एक! पांढरा शर्ट घातला, खिशात पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग). प्रार्थनेच्या रांगेत शिरून पोरांच्या बाह्या तपासल्या. आचार्य, म्हणजे इथले हेडमास्तर, धावत आले, खुर्ची दिली, खुर्चीवर टॉवेल, चहा, नानखटाई. सरकारी शाळेत साध्या पालकाचा एवढा मान! भिंतीवर रुमाल घासला तर पिवळा झाला. रंग कच्चा आहे म्हटलं. आचार्यांनी हात जोडून दोन दिवस मागितले. दिले.

१४ जून, शनिवार
रंजनाने आकाशी रंगाच्या कापडाचा तुकडा पुढे केला. कसं आहे विचारलं. ग्लास लावला, घासलं, धुतलं. ए-वन माल. विणीत खोट नाही, रंग जाणार नाही. ज्याने निवडलं त्याला माझ्याकडून शाबासकी सांग म्हटलं. ती हसली. घरात माझ्या ज्ञानाची कदर आहे, फक्त दाखवत नाहीत.

१७ जून, मंगळवार
शाळा एकमध्ये पुन्हा गेलो. भिंत नव्याने रंगवलेली! एका पालकाच्या शब्दाला ही किंमत. शाळा दोनमध्ये तर मुली दोन रांगांत उभ्या, नमस्ते साहेब. आचार्यांनी हळूच विचारलं, प्रवेशोत्सवाला (नव्या पोरांच्या स्वागताला) मोठे साहेब कोण येणार? मला काय माहीत? म्हटलं, योग्य माणूस येईल. खूश झाले. माझा नंबरही मागून घेतला.
पण शेडमध्ये फरक. दोन्ही शाळा बाद.

२० जून, शुक्रवार
दहा दिवसांचे वीस झाले, पण क्वालिटीला वेळ लागतोच. प्रियाचा दाखला कुठे ठेवला विचारलं. रंजना म्हणाली, जठे पाहिजे तठे शे. बरं.
प्रिया हल्ली लवकर झोपते, पहाटे मी ड्यूटीला निघताना उठून केस विंचरत असते. मी तिच्यासाठी एवढा झिजतोय हे बघून पोरीला वळण लागलं.

२४ जून, मंगळवार
शाळा तीन, शाळा चार बाद. एका ठिकाणी पीटीच्या मास्तरांचाच शर्ट सेकंड क्वालिटीचा निघाला. तोंडावर सांगितलं. घरी जाऊन बदलून आले.
सकाळी घरामागच्या शाळेच्या आचार्य बेनचा (बाईंचा) फोन. दुसऱ्या शाळेतून नंबर मिळाला म्हणे. शुक्रवारी प्रवेशोत्सव आहे, साहेबांनी पधारावं. ही शाळा मी बघणारच नव्हतो, पण इतका आग्रह म्हटल्यावर गेलं पाहिजे. कीर्ती पसरत चाललीय.

२७ जून, शुक्रवार, संध्याकाळ
गेलो. गांधीनगरहून येणारे खरे साहेब वाटेत अडकले होते. बेनने मला स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडायला लागला. उठावं म्हटलं, तर पहिल्या रांगेत रंजना. तोंडात पदर.
नववीच्या नव्या मुलींना कुंकू लावून दप्तर द्यायचं होतं. पहिलं नाव पुकारलं. आधी मी कापड ओळखलं. आकाशी, ए-वन, रंग न जाणारं. मग पोरगी ओळखली.
रंजनाने कधीच नाव घातलं होतं, प्रिया दहा दिवसांपासून तिथेच जातेय. कुंकू लावलं, दप्तर दिलं. गणवेशात ती इतकी मोठी दिसत होती, आणि पहिल्या दिवशी तिला गेटपर्यंत सोडायला मी नव्हतो. फार वाईट वाटलं. रांगेतल्या सगळ्या मुलींचा शेड एकच होता. हे मला वीस पावलांवर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं असतं.
आचार्य बेनने माइक तिच्यापुढे धरला. बेटा, मम्मी आव्या छे, पप्पा नथी आव्या? (पप्पा नाही आले?)
प्रियाने माझ्याकडे सरळ बघितलं. म्हणाली, ना बेन, पप्पा मारा माटे स्कूल शोधवा गया छे. (माझ्यासाठी शाळा शोधायला गेलेत.)
अख्खा मंडप हसला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. प्रमुख पाहुणा होतो.