ल्युब्रिकेटर हवा आहे

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. म्हणजे मी आहे, इंजिन आहे आणि चार भिंती आहेत. सगळ्यांच्या तब्येती बऱ्या. तुमच्या आईंचा गुडघा आता छान चालतो असं कळलं. त्या एकट्या बाजारात जाऊन भाजीवाल्याशी भांडून येतात म्हणे. आनंद वाटला. एवढ्या बऱ्या झालेल्या माणसाची शुश्रूषा करायला तुमची ताई अजून तिथे आहे, याचंही कौतुक वाटतं.

पत्राचं कारण अगदी मामुली आहे. माझ्या वाफेच्या छोट्या इंजिनाला एक ल्युब्रिकेटर, म्हणजे ती तेलाची डबी, हवाय. तुम्ही लेथवर करून दिला होतात तसाच, पितळी, अंगठ्याएवढा.

पहिल्याला काय झालं, असं तुम्ही विचाराल. ताई गेल्यावर पहिल्याच रविवारी मी इंजिन पेटवलं. तेल घालणं हे तिचं खातं. "तुम्ही सांडता" एवढ्या एका वाक्यावर तिने ते फार पूर्वी ताब्यात घेतलेलं. आता मी घातलं. दोन थेंबांतच ल्युब्रिकेटर भरून वाहायला लागला. पुढच्या रविवारी तेच. मला वाटलं, इंजिन मालकाच्या वळणावर गेलं, तेल प्यायलासुद्धा काटकसर करतंय. महिनाभराने पिस्टनने दारात मांजराची शेपटी सापडावी तसा आवाज काढला आणि तो जागच्या जागी बसला.

मी दोष अर्थातच तुमच्या लेथला दिला. राग मानू नका, जवळ दुसरं कुणी नव्हतं.

मग मॉडेलचं सामान विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. म्हटलं, एखादा बऱ्यापैकी ल्युब्रिकेटर द्या, आमच्या मेहुण्याने केलेला वाया गेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, पाणी कोण काढतं?"

"कसलं पाणी?"

"अहो, वाफ त्या डबीत शिरते, तिचं पाणी होतं, ते तळाशी बसतं आणि तेलाला वर ढकलतं. म्हणून तर तेल सिलिंडरपर्यंत पोचतं. शेवटी डबीत नुसतं पाणीच उरतं. खालचा स्क्रू उघडून ते सोडल्याशिवाय नवं तेल मावणार कुठे? इतकी वर्षं कोण सोडत होतं?"

"बायको."

"मग त्यांनाच विचारा की!"

"त्या बाहेरगावी असतात," मी म्हणालो. म्हणायचं होतं, गेल्यात.

मेहुणेबुवा, पाहुणे आले की मी या इंजिनावर अर्धा अर्धा तास व्याख्यान झोडायचो. तेव्हा तुमची ताई शेजारी वाकून काहीतरी करत असायची. मी समजायचो, फडकं मारतेय.

आमचं भांडण झालं असतं तर सोपं होतं. भांडण मिटवता येतं. ती बॅग घेऊन निघाली तेव्हा मी वाफेच्या दाबाचा काटा बघत होतो. "येते," ती म्हणाली. "हं," मी म्हणालो. फोन रोज होतो. "जेवलात?" "जेवलो." "बरं." परवा "कधी येतेस?" असं विचारायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "तेलाची बाटली कुठे ठेवलीयस?"

"खिडकीपाशी, डाव्या कोपऱ्यात."

बाटली माझ्या हातातच होती. मग दोघांनी जवळजवळ एकदमच फोन ठेवला.

काल पिस्टन काढून साफ केला. पाणी सोडलं, तेल भरलं. इंजिन झकास चाललं. कौतुक करायला कुणी नव्हतं, ते एक वेळ चालेल. पण "पुरे आता, घरभर धूर झालाय" असं म्हणायलाही कुणी नव्हतं. कधी थांबायचं तेच कळेना. पाणी संपेपर्यंत चालू ठेवलं.

तेव्हा ल्युब्रिकेटर बिघडलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तरी एक करा. फार कलाकुसर नको, ओबडधोबड चालेल. फक्त कुणाच्या तरी हाती पाठवा, पार्सलने नको. पितळेला प्रवासात काय होतंय, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. कुणाच्या हाती, ते मी लिहीत नाही. हे पत्र तिला वाचायला द्या. ती वाचत असताना तुम्ही मात्र तिथे उभे राहू नका आणि माझी वकिलीही करू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

ती नको म्हणाली, तर मग पार्सलनेच पाठवा. आत चिठ्ठी नको, मागाहून फोन नको. मी दारात सही करून ते घेईन आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

आईंना नमस्कार सांगा.

अजून तरी तुमचा,
भावोजी