सायलीचं जर्मन आणि नेकनूरचे पाहुणे

बीड,
१३ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून दूधगाडीवाल्याजवळ हा कागद देते. मी दवाखान्यात ड्यूटीवर असताना माझ्या खोलीवर येऊन पासपोर्ट का नेलास? पुढच्या सोमवारी, २० तारखेला, पुण्यात जर्मनची परीक्षा आहे आणि पासपोर्टाशिवाय आत घेत नाहीत. ती हुकली तर जर्मनीतली नर्सची नोकरी गेलीच समज.

तोंडी परीक्षेत माझं एकाच ठिकाणी अडतं. आपल्यात 'त्याच्याबद्दल' म्हटलं की ते नांगराबद्दल असो नाहीतर नांगऱ्याबद्दल, चालून जातं. जर्मनमध्ये वस्तू असली तर 'दा' जोडून एकच शब्द होतो: दामिट म्हणजे त्याच्यासह, दाफोन म्हणजे त्याच्यापासून. पुढं स्वर आला की मधे 'र' घालायचा, दारुबर, म्हणजे त्याच्याबद्दल. माणसाला हे चालत नाही. त्याच्यासाठी सर्वनाम वेगळं म्हणावं लागतं, युबर ईन. मी माणसालाही वस्तूचाच शब्द लावून बसते. घरात तेच बघितलंय ना! नेकनूरच्या पाहुण्यांकडे माझं लग्न ठरवताना मला विचारलंस तरी का?

पासपोर्ट उद्याच्या गाडीनं पाठव. आईला आणि मंगलवहिनीला नमस्कार. तुझ्यापुरता लोभ सध्या शिल्लक नाही.

सायली


तलवाडा,
१५ जानेवारी

चि. सायलीस,
अ. उ. आ.

संक्रांतीला आली न्हाईस. आईनं तुझ्या नावचा तिळगूळ तसाच ठेवलाय. कागद मिळाला. दारुबर म्हणं! आपलं माळकऱ्याचं घर हाय, असली भाषा उंबऱ्याच्या आत नको. आणि बैलाला कोणता शब्द लावतेत, ते तुझ्या मास्तरणीला इचार. मला शहाणपण शिकवू नको.

रविवारी पाहुणे तुला बघायला येणार हायत. पोराचे चुलते शहादेवराव म्हंजे लई मोठं माणूस. त्यांना मी सांगून टाकलंय, की पोरीनं परदेशाचं खूळ कवाच सोडलं. एवढ्या लांब जाणारी पोरगी कोण करून घेईल? साडी नेस, पोहे दे, मान खाली घालून बस. पासपोर्ट माझ्या खिशात हाय. न्हाई आलीस तर चुलीत घालीन.

थोरल्याच्या धाकात राहावं, हाच आशीर्वाद.

युवराज


तलवाडा,
२१ जानेवारी

चि. सायलीस,
आशीर्वाद द्यायचं मन न्हाई, रीत म्हणून लिहितो.

भरल्या बैठकीत नाक कापलंस! मला काय सपान पडलं व्हतं, की त्यांना जर्मनीवालीच पोरगी पाहिजे? शहादेवराव म्हणले, तिनं खूळ सोडलं असंल तर आमी निघतो. पोरगा तिच्यामागं तिकडं जाईल म्हणूनच आलतो. पोह्याला हातसुद्धा लावला न्हाई. मी घाबरून पासपोर्ट काढला आणि त्यांच्या हातात दिला, की बघा, उद्याच परीक्षा हाय. तू ताट खाली ठेवलंस, त्यांच्या हातातून तो ओढलास आणि नेसत्या साडीवर गेवराईची रिक्षा धरलीस! मंगल पदर तोंडाला लावून हसत व्हती. तिच्याशी मी बोलत न्हाई.

पण पाहुण्यांना तेच आवडलं. पोरगी धीट हाय, म्हणले. मी होकार दिलाय. तवा आता नापास होऊ नको.

युवराज


बीड,
२४ जानेवारी

ती. दादास,
न. वि. वि.

त्याच साडीवर परीक्षा दिली. निकाल यायचाय. तोंडीला परीक्षक बाईंनी विचारलं, की तुम्हाला कशाची भीती वाटते. चुकीचं औषध दिलं जाण्याची, असं उत्तर मी पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, माझ्या भावाची. बाईंनी मान वर करून विचारलं, की अजूनही वाटते का. मी नाही म्हणाले, आणि ते म्हणताना मलाच कळलं की हे खरं आहे. रडू आलं, पण पुढची उत्तरं दिली.

आईला सांग, व्हिसा आला की आधी तिला भेटून जाईन. वहिनीशी बोलायला लाग, तिचा काय गुन्हा?

आणि नेकनूरला होकार तू दिलायस, तर बोहल्यावरही तूच उभा राहा.

लोभाची घाई नको.

सायली