गोड बोलण्याचा कार्यक्रम

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)
८ डिसेंबर २०२४

चि. रचनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या त्या जव्हारच्या डोंगरात फोन लागतो तेव्हा तू आरोग्य केंद्रात पेशंटजवळ, आणि तू मोकळी असतेस तेव्हा रेंज नाही. परवा माझं वाक्य अर्ध्यात तुटलं ते अजून पोटात आहे. म्हटलं, आईला लिहायचो तसं पत्रच बरं. मधेच कोणी बोलत नाही.

तुझी लेक बरी आहे. नवी शाळा आता अंगवळणी पडायला हवी होती, पण डबा भरलेला परत आणते. मी म्हटलं, तुझी आई तिकडे पोरांची वजनं करत फिरते आणि तू इथे कुपोषित होणार की काय? हसली नाही. हसण्याच्या बाबतीत तुझ्यावर गेलीय. झालं काय, तर मराठीच्या तासाला आवडत्या माणसावर निबंध वाचायचा होता. हिने आपल्या बाबांवर लिहिला आणि वाचता वाचता वर्गात ढसाढसा रडली. आता भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली, आठवीतल्या मुलीने एवढं रडावं का? त्यावरून पोरं चिडवतात. इथे टाकीला पाणी आलं की जिन्यात हाकाटी होते ना, तशी ही दिसली की ‘पाणी आलं, पाणी आलं’ म्हणून ओरडतात. मला आधी हसूच आलं. पोरांचं डोकं चालतं हो!

पण काळजी करू नकोस, कारण आमचं मंडळ आहे. शाळेने आणि आमच्या सोसायट्यांनी मिळून ‘विद्यार्थी मित्र मंडळ’ काढलंय. मुलांची सुरक्षितता, त्यांचं मानसिक आरोग्य, सगळं बघायचं. अध्यक्ष आहेत उन्नतीच्या आई, आणि त्यांच्यानंतर मीच. उन्नती म्हणजे क्षितिजाच्याच वर्गातली, फार चुणचुणीत मुलगी. नकला तर अशा करते की बघत राहावं.

ह्यांचा नमस्कार. तब्येतीला जप, कारण तुला जपायला तिथे कोणी नाही.

तुझी,
जयूताई


जव्हार
१७ डिसेंबर २०२४

ति. जयूताईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझं हसू मला कळलं नाही.

दर रविवारी मी टेकडीवर चढून क्षितिजाला फोन करते. गेले तीन रविवार ती ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलते. मागच्या वेळी मी विचारलं, मैत्रीण कोण झाली? तर म्हणाली, रेंज जातेय आई. ताई, रेंज छान होती. मी इकडे रोज बायांना सांगते की पोर जेवत नसेल तर दुर्लक्ष करू नका, आणि माझंच पोर जेवत नाही.

शाळेत समुपदेशक बाई आहेत असं तूच म्हणाली होतीस. तिला त्यांच्याकडे पाठव, एकटीला. आणि एक सांगते, रागावू नकोस. तू बरोबर बसू नकोस. तू बसलीस की समोरचा माणूस ऐकायचं काम करतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तू तिला ठेवून घेतलंस म्हणून मी नोकरी करू शकते, ते विसरलेले नाही. राग आला तर माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

तुझी,
रचना


एव्हरशाईन सिटी
३ जानेवारी २०२५

चि. रचनास,
आशीर्वाद, तुझ्या टोमण्यासकट.

घे, तुझ्या मनासारखं झालं. क्षितिजा पॉलिन मॅडमकडे गेली. त्या शाळेच्या समुपदेशक, इथल्याच गावातल्या ख्रिश्चन, बोलायला मऊ. बाईसाहेब त्यांच्यापुढे तासभर बोलल्या म्हणे! माझ्या घरात तोंडातून शब्द निघत नाही, आणि तिथे धबधबा. उन्नतीनेच म्हणे तिच्या रडण्याची नक्कल करून व्हिडिओ काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. सुट्टीत पोरं हिच्यापुढे रिकाम्या बाटल्या धरतात, भरून दे म्हणून. म्हणून ही डबा घेऊन जिन्याखाली बसते.

गंभीर काही असलं की मॅडमनी मंडळाच्या अध्यक्षांना आणि मला सांगायचं, असं ठरलेलं आहे. शाळा एकटी कुठे कुठे बघणार? त्याप्रमाणे त्यांनी सांगितलं, वर म्हणाल्या की हे चार भिंतींच्या आत ठेवा, आणि यात उन्नतीच्या आईंनी बसू नये. घ्या! अध्यक्षांनीच बसू नये? मी स्पष्ट म्हटलं, झाकून ठेवायचं तर मंडळ काढलं कशाला. उन्नतीच्या आईंनी काय मोठं मन दाखवलं म्हणून सांगू! एक शब्द वाकडा नाही. घरी जाऊन मुलीला सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी उन्नती मला लिफ्टमध्ये भेटली तर स्वतःहून विचारते, काकू, क्षितिजा जिन्याखाली का बसते, आम्ही सगळ्या तिच्याजवळ जाऊन बसू का? आणि गेल्या गं! रोज सगळ्या जातात.

आता पुढचं ऐक. एकोणीस तारखेला क्लब हाऊसमध्ये मंडळाचं हळदीकुंकू आहे. वाण म्हणून फ्रिजला चिकटवायचं लोहचुंबक देणार, त्यावर मुलांच्या मदतीचा फोन नंबर. माझीच कल्पना. तिथे सगळ्यांसमोर क्षितिजा आणि उन्नती एकमेकींना तिळगूळ देतील, गोड गोड बोला म्हणतील, आणि विषय संपला. मुख्याध्यापिका इतक्या खूश झाल्या की शाळेच्या पेजवर टाकायला फोटोग्राफर पाठवतायत.

तू येशील म्हणालीस तर मला संकोच होईल, म्हणून आधीच लिहिते. मी मानत नाही गं, माझ्या घरात तू देवाला कुंकू वाहिलंस तरी मी बोलत नाही. पण शंभर बायका येणार. सवाष्णींचा कार्यक्रम, त्यात तू समोर बसलीस तर कुणी तुझ्या कपाळाला बोट लावायचं की नाही यावर कुजबुज होणार. ते तुलाच लागेल. समजून घे.

तुझी,
जयूताई


जव्हार
९ जानेवारी २०२५

ति. ताईस,
नमस्कार.

माझ्या मुलीचा समेट हळदीकुंकवात ठेवलास म्हणजे तिची आईच बाहेर. हे तुझ्या लक्षात आलं आणि तरी तू ठेवलास, की ठेवल्यावर लक्षात आलं, एवढंच कळव.

ताई, मी तुझ्या पाया पडते. हे करू नकोस. ज्या मुलीने हिला रडवलं तिच्या हातावर हिने तिळगूळ ठेवायचा, तो कशाबद्दल? रडल्याबद्दल? पॉलिन मॅडमना विचार. त्याहून आधी क्षितिजाला विचार. एकदाच विचार, आणि ती गप्प राहिली तर ते ‘नाही’ समज. तिचं ‘नाही’ असंच असतं.

एकोणीसला मी येतेय. सवाष्णींच्यात बसायची मला हौस नाही. मी खाली उभी राहीन. मी आलेय एवढं फक्त तिला सांग, म्हणजे नको वाटलं तर ती उठून माझ्याकडे येईल. एवढं करशील ना?

तुझी,
रचना


एव्हरशाईन सिटी
२१ जानेवारी २०२५

चि. रचनास,
आशीर्वाद.

तू वर आली नाहीस हे शहाणपण केलंस, पण न भेटता निघून गेलीस हे काही बरं नाही केलंस. वॉचमनबरोबर चहा पाठवला तोही परत. लोकांसमोर माझी काय शोभा?

कार्यक्रम असा झाला की इतर शाळांतून विचारणा येतेय. क्षितिजाला मी माझी काळी पैठणी कापून शिवलेला परकर घातला. आधी पायरीवर अडली. मी हळूच दंडाला धरून म्हटलं, तुझ्या एकटीपायी शंभर माणसं खोळंबलीत, आईचं नाव काढ. मग आली. उन्नतीने तिळगूळ दिला आणि मिठीच मारली! टाळ्यांचा कडकडाट. आपल्या बाईसाहेबांनी मात्र तिळगूळ पुढे केला आणि लागल्या रडायला. इतक्यात मागून कुणीतरी कारटं ओरडलं, पाणी आलं! अगं, सगळं सभागृह हसलं. मुख्याध्यापिकाही. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण त्या हसण्यात प्रेम होतं. पॉलिन मॅडम तेवढ्या उठून गेल्या. त्यांना आपल्या हळदीकुंकवातलं काय कळणार?

तू खाली आहेस हे मी क्षितिजाला मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती वर आलीच नसती, आणि एवढी तयारी फुकट गेली असती. नंतर उन्नतीच्या आई दोघींना पिझ्झा खायला घेऊन गेल्या. मी नाही कशी म्हणू? तुझी बस सुटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

व्हिडिओ शाळेच्या पेजवर आहे. टेकडीवर गेलीस की बघ, अभिमान वाटेल. आणि राग धरू नकोस, तुला परवडणारा नाही.

तुझी,
जयूताई


जव्हार
२७ जानेवारी २०२५

जयवंतीताई,

व्हिडिओ बघितला. माझी मुलगी रडतेय, शंभर बायका हसतायत, आणि खाली लिहिलंय, ‘मैत्रीचा विजय’. तिचा चेहरासुद्धा झाकला नाही तुम्ही लोकांनी. तुझे दात दिसतायत त्यात.

मी गेटवर उभी होते. टाळ्या ऐकू आल्या, हसणं ऐकू आलं. वॉचमन म्हणाला, वर हळदीकुंकू चालू आहे, जयवंती मॅडमनी तुम्हाला सोडू नका म्हणून सांगितलंय. तो बिचारा खाली मान घालून बोलत होता. मला वाटलं, क्षितिजाला ठाऊक आहे मी इथे आहे, आणि तिला यावंसं वाटत नाही. शेवटची एसटी गाठेपर्यंत मी हेच मनात घेऊन उभी होते. तू मला सांगितलं असतंस की तिला माहीतच नाही, तर मी गेट तोडून वर आले असते. देव तुझं भलं करो असं मला आत्ता म्हणवत नाही.

सोळा फेब्रुवारीला मी तिला न्यायला येते. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिच्यासाठी बोलून ठेवलंय. तिचे कपडे भरून ठेव. तो परकर ठेवून घे.

रचना


एव्हरशाईन सिटी
९ फेब्रुवारी २०२५

ति. आईस,
शि. सा. न.

मावशी म्हणाली की तुला पत्रच लिही, फोनवर तू आरडाओरडा करशील. मी मजेत आहे. डबा संपवते. वजन पण वाढलंय. आता मला कोणी काही बोलत नाही, खरंच. मी आणि उन्नती एका बेंचवर बसतो. तिच्या ग्रुपमध्ये मी एकटीच बाहेरून आलेली आहे, बाकी सगळ्या पहिलीपासूनच्या.

मी वर होते तेव्हा तू खाली होतीस, ते मला वॉचमनकाकांनी सांगितलं. मावशीला विचारलं तर म्हणाली, कार्यक्रम महत्त्वाचा होता. मी तेव्हा खूप वेळ तुझं नाव घेत होते मनात, पण तुला कसं कळणार? ठीक आहे. आता नाही घेत.

एक गंमत सांगते. आमच्या वर्गात आता व्हिव्हियन आलाय, पॉलिन मॅडमचा मुलगा. तो बोलताना अडकतो. आम्ही त्याला ‘बफरिंग’ म्हणतो. तो उभा राहिला की सगळे बोट गोल गोल फिरवतात. नाव मी शोधलं. उन्नती म्हणाली, तू कसली जबरी आहेस यार, आणि त्या दिवसापासून मला सगळे आपल्यातली मानतात. मॅडमनी मला एकटीला बोलावून विचारलं, क्षितिजा, तू सुद्धा? मी म्हटलं, चेष्टा होती. त्यांना मी सगळं सांगितलं होतं ना, मग त्यांनी ते दुसऱ्यांना सांगितलं. आता त्यांना कळलं असेल कसं वाटतं ते.

मंडळाने मला विद्यार्थी प्रतिनिधी केलंय. कोणी एकटं बसलेलं दिसलं की मी जाऊन त्यांना सांगायचं.

कपडे भरलेले नाहीत. प्लीज सोळा तारखेला मला न्यायला येऊ नकोस. तू आलीस की रडशील, सगळे बघतील, आणि मग ते परत माझ्यावर येईल.

तुझी,
क्षितिजा