विशेष बीजगणिताचा पावणेचारचा तास

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही, पत्रात वाकायला काही लागत नाही.) तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं आणि तू बाबांना दिवसातून चारदा उचलून बसवतेस, हे तुझ्या लेकीकडून शाळेत कळलं. बाबांचा उजवा हात अजून लुळाच का? गेल्या वेळी आलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं ते सोडेनात. शाळेची घाई आहे असं सांगून मी हात सोडवून घेतला. त्या दिवशी रविवार होता हे तुझ्याही लक्षात आलं असणार.

फोनवर तू मला पहिल्याच वाक्यात पकडतेस, म्हणून लिहितो आहे. बाबांना सहा महिने मी माझ्याकडे न्यावं, असं तू म्हणालीस. अगं, नेलं असतं. पण शाळेने माझ्या गळ्यात सातवीच्या हुशार मुलांसाठी 'विशेष बीजगणित वर्ग' मारला आहे. निवडक चोवीस मुलं, साठ तास आणि नववीचं बीजगणित. त्याच्या आखणीसाठी समिती नेमली आहे. त्यात मी, मोठ्या बाई (म्हणजे मुख्याध्यापिका, उंचीने माझ्या खांद्याला लागतात), खेळाचे सर आणि चित्रकलेचे सर. चित्रकलेचे सर कशाला, तर बिल्ला काढायला. अभ्यासक्रमाचा पत्ता नाही, पण बिल्ला तयार आहे. त्यावर त्यांनी लाल रंगात एक्स काढला आहे, आणि लांबून बघितलं तर उत्तर चुकल्याची फुली वाटते. चोवीस हुशार पोरं छातीवर फुली लावून हिंडणार.

मी समीकरणांना पंधरा तास मागितले. मोठ्या बाई म्हणाल्या, शेजारची शाळा दहात उरकते. भाजी घेतल्यासारखी घासाघीस करून बारावर आलो. ऋण संख्या तर त्यांना दोन तासांत हव्यात. मी म्हटलं, बाई, शून्याच्याही खाली जाता येतं हे कळायला मला चाळिशी उजाडली. त्या म्हणाल्या, हे इतिवृत्तात घालू नका.

मग वेळ ठरवण्यावरून तीन बैठका झाल्या. शाळा साडेतीनला सुटते. पावणेचार ते पाच खेळाच्या सरांना चालतं, चित्रकलेच्या सरांची बस त्यानंतर आहे, शिपायालाही कुलूप लावायला उशीर होत नाही. सगळ्यांना विचारून झालं. त्या वेळेला मुलांना घरी काही काम नसतं, हे मीच ठासून सांगितलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला. त्यामुळे आता मला घरी पोचायला सव्वापाच वाजणार. बाबांजवळ कोण बसणार? शिवाय माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा यंदा काही जमत नाही, पुढच्या वर्षी बघू. बाबांना माझा नमस्कार सांग (डाव्या कानाशी, मोठ्याने).

तुझा धाकटा भाऊ

ता. क. — हे सोमवारी लिहून पाकिटात घातलं होतं. आज गुरुवार. पाकीट फोडावं लागलं, कारण वर्गाच्या निवड चाचणीचे पेपर तपासून झाले. तुझ्या लेकीला शून्य आहे.

माझा एक नियम आहे. खोडायचं तर एकच आडवी रेघ मारायची, गिरबटायचं नाही, खालचं मला वाचता आलं पाहिजे. तिने दहाच्या दहा उत्तरं एकेका रेघेने खोडून खाली 'येत नाही' असं लिहिलं आहे. नियम पाळल्यामुळे सगळं वाचता येतं. दहाही बरोबर आहेत. निवडलेल्या चोवीस पोरांत एकाचेही दहा नाहीत.

सहावा प्रश्न मी घरातूनच उचलला होता. आजोबा नातीपेक्षा सहासष्ट वर्षांनी मोठे आहेत. दहा वर्षांनी त्यांचं वय तिच्या चौपट होईल. तर आजची वयं काढा. रेघेखाली लिहिलं आहे, नात बारा, आजोबा अठ्ठ्याहत्तर. पुढे ताळाही करून बघितला आहे: दहा वर्षांनी बावीस आणि अठ्ठ्याऐंशी. आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात, 'असतील का?' त्यावरही रेघ.

मधल्या सुट्टीत तिला जिन्यात गाठलं. शाळेत ती मला सर म्हणते. आज म्हणाली, "मामा, आजोबांना बघणाऱ्या मावशी चारला जातात. आई सातला येते. मधे त्यांना पाणी कोण देणार? एका हाताने पेला सांडतो त्यांचा. निवड झाली असती तर तू सोडलं नसतंस मला." दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आली. "आईला नको सांगूस. ती नोकरी सोडेल."

म्हणून सांगतो आहे. नोकरी सोडू नकोस. चार ते सात बाबांजवळ कुणीतरी असतंच, एवढं मी धरून चाललो होतो. कोण, हे कधी विचारलं नाही. ताई, मला फार लाज वाटली.

ता. क. २ — वर्ग सातवीच्या शेवटच्या तासाला हलवला. त्या वेळी मुलांना खेळ असतो आणि मला रिकामा तास (मी शिक्षकांच्या खोलीत तोंडावर जगाचा नकाशा घेऊन झोपत असे). खेळाचे सर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आता साडेतीनला सुटलो की पावणेचारला मी घरी. मावशी माझ्याकडे यायला तयार आहेत. जिन्याबद्दल जे बोलल्या ते लिहीत नाही. रविवारी दहाला गाडी घेऊन येतो, बाबांचं सामान बांधून ठेव. त्यांना दोन मजले उचलून न्यायला खेळाचे सर येणार आहेत. न बोलता.

सोमवारचं पत्र फाडलेलं नाही. त्यावर एकेक रेघ मारली आहे, खालचं तुला वाचता येईल.

लेकीला पेपर परत दिला आहे, दहापैकी दहा देऊन. फक्त त्या बारीक अक्षरातल्या प्रश्नापुढे काय लिहावं ते सुचेना. शेवटी मीही 'येत नाही' असंच लिहिलं.