घरचा डबा पातेल्यात नको

गुरुवार, १७ एप्रिल
दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना आपलं दर गुरुवारचं जेवण. आज विलासच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, म्हणून शिधा त्याचा. शेवयांची खीर केली. वाढायला घेणार तोच विलास डबा घेऊन हजर. आईने पहाटे केलेली खीर, आण्णांच्या फोटोला नैवेद्य दाखवून नेवाशाहून मोटरसायकलवर आणलेली. ह्या उन्हात. म्हणे पातेल्यात मिसळा, म्हणजे आण्णांचा घास सगळ्यांच्या तोंडी जाईल.
पूर्वी मिसळायचो. पण अन्नसुरक्षेच्या ट्रेनिंगला साहेबांनी बजावलंय, घरून शिजवून आणलेलं पातेल्यात नाही म्हणजे नाही. तरी झाकण काढून वास घेतला. आंबूस.
"न्हाई जमायचं, विलासभाऊ."
"माझ्या आईच्या हाताला वास येतो व्हय?"
सुदाम मध्ये पडला. दीर माझा, पण लेकरासारखा वाढवलाय. विलासने खीर वाढायचं वगराळं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. परत घातलं. दुसऱ्या वेळी आवाज वेगळा आला. मग डबा पातेल्यात उपडा केला.
मी पातेलं लोटून दिलं. कढत खीर विलासच्या पायांवर गेली. लोकांना सांगितलं, हात सटकला. इथं खोटं कशाला लिहू, मुद्दाम लोटलं.

शुक्रवार, १८
सुदामला टाके. आतच ॲडमिट. दोन खाटा सोडून विलास, पाय गुंडाळलेले.
काल रांग उपाशी गेली. एक बाई रस्त्यावरची खीर ताटलीत भरत होती. तिच्या हातावर फटका मारला मी. ताटली उडाली. ती रडली नाही, ताटली उचलून निघून गेली.

रविवार, २०
सुदाम बोलला एकदाचा. "वैनी, वास मलाबी आल्ता. पन एवढ्यानं काय हुतंय? मिसळून टाकायचं की."
असा संताप आला की त्या टाक्यांवरच एक द्यावी. उठून बाहेर गेले. पोलिसांत अजून कुणीच गेलेलं नाही. ते नाहीत, आम्ही नाही.

गुरुवार, २४
विलासची आई आलीय. पिशवीत कच्चं दूध, शेवया, साखर.
"हितं तुज्यापुढंच करते, मंगल. मग तर चालंल?"
चालतं. नियमात बसतं. शेगडी दिली. म्हातारी ढवळतेय, मी शेजारी बसून हे लिहितेय.
मागून विलास आलाय, लंगडत. सुदामच्या जागेवर वाढायला उभा राहिला. वगराळं मागतोय. तेच आहे, मीच घासून ठेवलंय.
"आधी हात धू," म्हटलं. जागचा हलला नाही. परत म्हटलं. हात तसाच पुढं.
बाहेर रांग लागलीय. दूध वर यायला लागलंय. वगराळं माझ्या मांडीवर आहे, आणि तो अजून हात धुवायला गेलेला नाही. तोवर सोडत नाही मी ते.